हातात किती

भुसावळच्या आत्याला फोनवर
सगळ्यात आधी हेच विचारायचं असतं :
‘ते राहू दे गं सगळं. हातात किती?’

थांबा आत्या, हिशोब चाललाय.

टेबलावर दोन कागद.
एकावर कळण्याच्या भाकरीचा डबा ठेवलाय,
पंख्याने उडू नये म्हणून.
दुसरा जाड, लेटरहेडचा, आपला आपण बसून आहे.

जाड कागद जळगाव शहरातला, रिंगरोडजवळचा.
काचेचं दार, वर्गात तीस मुलं, एसी,
एसीच्या शेजारी लाल ठिपक्याचा कॅमेरा.
शाळेची साडी, तिला शाळेचीच इस्त्री.
रात्री साडेदहाला ग्रुपवर पालकांचा प्रश्न,
पावणेअकराला पुन्हा तोच, तीन प्रश्नचिन्हांसकट.
बावीस हजार. एक तारखेला. बँकेत.

मुलाखत संपवून उतरताना जिन्यात झांबरे भेटली,
पाचोऱ्याला डी.एड.ला माझ्या बाकावर असायची,
तेव्हा वर्गभर ऐकू जाईल असं हसायची.
आता जिन्यातही हळू बोलते :
‘पाच तारखेला सात हजार काढून द्यायचे. पाकिटात.
पावती मागायची नाही.’
मग पर्समधल्या पट्टीतून एक गोळी काढली
आणि पाण्याशिवायच गिळली.
कसली, ते मी विचारलं नाही.
तिनेही माझ्या घशाचं विचारलं नाही.

पातळ कागद एमआयडीसीच्या मागचा.
झेरॉक्सची झेरॉक्स, शिक्का वाकडा.
शाळा वीस टक्क्यांवर. चाळीस कधी, ते वर ठरतं.
बाकीचं संस्था घालते, जमेल तसं.
तेरा हजार.
इंगळे सर खुर्ची पुसून देत म्हणाले,
‘मॅडम, कापाकापी काही नाही आपल्याकडे.’
आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

नमुना तास घ्यायला सांगितला, सातवीवर.
पत्र्याचं छप्पर, एप्रिलचे चव्वेचाळीस अंश,
चौसष्ट मुलं, दालमिलचा कोंडा वहीच्या रेघांवर.
दहा मिनिटांत माझा आवाज गेला.
उरलेला तास मी खडूनेच बोलले :
शेकडा म्हणजे शंभरातले किती.

मागून एक हात वर आला,
नखांत हिरवा रंग, चटईच्या कारखान्यातला.
वैजंता नाव.
‘मॅडम, मन्ही मायले चारशे सांगतस, नि तीनशेच देतस.
मंग शेकडा कितला?’

मी फळ्यावर मांडून दाखवलं. पंचवीस.
तिने वहीत लिहून घेतलं
आणि दोनदा अधोरेखित केलं,
उत्तर बरोबर आलं की करतात तसं.

आता रात्री, लाइटबिलाच्या पाठीवर :
बावीस वजा सात, पंधरा.
पेट्रोल सहाशे. साडी, इस्त्री.
‘गोळ्या’ असं लिहिलं आणि खोडलं.
दुसऱ्या बाजूला तेरा,
पेट्रोल अठराशे, ट्रकांच्या मागून रोज अकरा किलोमीटर,
घशासाठी ज्येष्ठमध.
युवराज आतून म्हणतो, तुला बरं वाटेल ते कर,
आणि हप्त्याची तारीख मोबाइलवर पुन्हा बघतो.
त्याचं चुकत नाही. हप्ता त्याच्याच नावावर आहे.

मग उगाच, सवयीने, तेही गणित मांडलं :
बावीसातले सात.
एकतीस पूर्णांक एक्क्याऐंशी.
वैजंताच्या आईपेक्षा जास्त.
मी अधोरेखित केलं नाही.

डबा उचलला. पातळ कागद थोडा हलला,
उडाला मात्र नाही, खाली तेल लागलं होतं.

फोन लावला.
आत्या, तेरा.
‘तेराच?’
तेराच, पण सगळे तेरा.

पलीकडे मालिकेचा आवाज, कुणीतरी रडत होतं.
आत्याने टीव्ही बारीक केला.
चाळीस वर्षं जिल्हा परिषदेत काढलेली बाई ती.
‘बरं,’ म्हणाली, ‘आणि कधी?’