मानस

बुबुळं मोठी करणारे थेंब घालून
बांबोळीच्या बाकावर बसवलंय मला.
समोरच्या पोस्टरावरल्या बाईचा चेहरा पुसट होत गेला,
पदर तेवढा उरलाय.

चतुर्थीपासून डाव्या डोळ्याच्या
खालच्या कोपऱ्यात राखाडी पाणी शिरलंय.
आधी वाटलं, चष्मा.
मग पंचायतीच्या रजिस्टरात
नावं दिसायची, त्यांची गावं दिसेनात.

डॉक्टर इव्हेट रिबेलोंनी पडद्यावर माझा डोळा उघडला.
नारिंगी, परातीएवढा.
"न कापता शिरा पाहता येतात
अशी ही एकच जागा. इथे बघा,
रोहिणी कडक झालीय,
नीला तिच्याखाली चेपलीय. मागे रक्त तुंबलं."
रोहिणी आणि नीला.
एका घरात दिलेल्या दोघी जावा,
थोरलीचा पाय धाकटीच्या मानेवर.

"पाळी कधी गेली?"

डोळ्यांच्या डॉक्टरनं हे विचारावं?
दारात कोणी म्हातारा उभा होता. मी आवाज बारीक केला,
दोन वर्षं. शिमग्याच्या आसपास.

"इस्ट्रोजेन शिरांच्या भिंतींना सांगायचं, सैल राहा.
महिन्याला चढायचं, उतरायचं.
आता सांगणारं कोणी नाही, त्यात तुमचं प्रेशर.
हे एकच कारण नव्हे. पण हेही आहे."

मला एकदम मत्तीच्या ओल्या फळीचा वास आला.

चोडणच्या बांधावर माझा बाप मानस राखायचा.
भरतीचं खारं पाणी रेटू लागलं की फळ्या आपसूक मिटायच्या,
सुकतीला उघडायच्या,
हात कोणी लावत नसे,
आत कोरगुटाचं भात उभं.
पणजीला शिकायला गेले तेव्हा बाईंनी फळ्यावर लिहिलं,
मानस म्हणजे मन.
वर्गात मी एकटीच हसले.

आईचं डोकं दर महिन्याला उठायचं,
पाळीच्या आदल्या दिवशी.
डोळ्यांपुढे करवतीचे दात चमकतात म्हणायची
आणि कपाळाला फडकं आवळून
भाताच्या कणगीमागे काळोखात बसून राहायची.
शेजारणी मीठ-मिरच्या उतरवत. दृष्ट.
पन्नाशीनंतर दुखणं थांबलं.
सुटले गो एकदाची, म्हणाली.

मग एका सुकतीला, मानशीपाशी जाळं झाडताना
तिचं अर्धं तोंड घसरलं.
"फळी," म्हणत राहिली, "फळी, फळी,"
आणि आम्ही सगळे मानशीकडे धावलो.

फळी नीट होती.

नोकरी लागल्यावर तिची नोंद मी काढून पाहिली.
कारणाच्या रकान्यात: वार्धक्य.
वयाच्या रकान्यात: चोपन्न.
मधे शाईची एक रेघ, पट्टी लावून ओढलेली.

मी आता त्रेपन्न.

मंगळवारी डोळ्यात सुई घेणार. मीठ कमी, गोळी रोज.
"आणि ती दुसरी गोळी, हार्मोनची?"
"सगळ्यांना नाही. कुणाला सोसते,
कुणाचं रक्त गोठवते. तुमच्यासाठी मला धीर होत नाही."
मग पेनाचं टोपण लावत त्या म्हणाल्या,
"बायकांच्या शिरा मोजायला
आम्ही उशिरा सुरुवात केली."

रायबंदरहून फेरीबोट सुटली.
थेंब अजून उतरले नव्हते,
मांडवी नुसती पांढरी, चोडण कुठेच नाही.
रिकाम्या टोपलीवर हात ठेवून एस्पेरान्स बसली होती,
आवाजावरून ओळखली.
काय झालं गो डोळ्याला?
पाणी चढलंय, म्हटलं.
ती म्हणाली, माझं बघ, हल्ली डोकं दुखत नाही,
पण सुईत दोरा जाईना,
उजवीकडचं काही हरवतंच.

"पाळी कधी गेली तुझी?"

इंजिनाच्या वर आवाज चढवून विचारलं.
स्कूटरांपाशी उभे असलेले पुरुष
एकाएकी पाण्याकडे बघू लागले असावेत,
मला दिसत नव्हतं.
एस्पेरान्स बोटं मोजू लागली,
बोट अजून नदीच्या मध्यावर.