रकाना चौथा

निबंधकसाहेब,
तुमची नोटीस पोचली.
तीन वर्षं हिशेब नाही, सभासद उरल्या चार,
त्यातली एक अंथरुणाला.
तेव्हा डिचोलीचं आमचं मंडळ बंद का करू नये,
असं तुम्ही विचारलंत.
फॉर्म भरायला बसले आहे.
रकाना चौथा : संस्थेचं उद्दिष्ट.

पहिली वही काढली. झुरळांनी कडा खाल्ल्यात,
मधलं अक्षर शाबूत.
सन सत्तावन्न. चार माणसं एकत्र बसायची
तर रेजिदोराचा कागद लागायचा.
कमळीण खांडेपारकरने अर्जात लिहिलं : हळदीकुंकू.
रेजिदोर हसला, शिक्का मारला.
हळदीकुंकवाला कोण भितं?

त्या हळदीकुंकवात
विड्याच्या तबकाखाली पाटी असायची.
शिकवायची गोदूबाय.
बसायची मात्र रांधणीपाशी, दाराआड.
तिच्या कपाळाला परवानगी नव्हती,
ती रेजिदोराकडे मागायची सोयही नव्हती.
आतून ती 'क' म्हणायची,
बाहेर चौदा जणी 'क' म्हणायच्या.
मथुरा शेटीण सांगायची,
मी अक्षरं कानानं शिकले गो,
वर्षभर मास्तरणीचं तोंड पाहिलं नाही.

मुक्तीनंतर पणजीला जाऊन नोंदणी करायचं ठरलं.
वहीचं पान सतरा.
"नाव : सुवासिनी समाज."
खाली सह्या अकरा.
आणि मग, दुसऱ्याच हाताची, जाड,
पहिल्या शब्दावर आडवी रेघ.
ठराव नाही. सूचक नाही, अनुमोदक नाही.
माझी आई त्या सभेला होती.
कोणी मारली, विचारलं की म्हणायची,
काय ठाऊक, वाऱ्यानं दिवा गेला होता.
वहीत लिहिलंय :
सभा सकाळी दहाला सुरू झाली.

तेव्हापासून नुसताच समाज.
गोदूबाय खजिनदार, ओसरीवर, खुर्चीत.

एक तपेलं घेतलं, ऐंशी पानांच्या भाताचं,
भाड्यानं द्यायला. त्याच्या भाड्यात
दोन पोरी म्हापशाला नर्सिंग शिकल्या.
सदुसष्टला नाटक बसवलं. राजा आम्हीच, राक्षस आम्हीच,
मिशा फिलोमेना शिवणवालीनं काळ्या लोकरीच्या केल्या.
उत्पन्न एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये.
येसू गावसच्या घोवाचा पाय खाणीवर गेला होता,
त्याला कुबड्या.
बाकी शिल्लक : मिशा, नग पाच.

खर्चाच्या बाजूला एक ओळ सारखी भेटते :
"एका बाईस."
नाव नाही, गाव नाही.
एका बाईस बारा रुपये.
एका बाईस लुगडं.
एका बाईस कुडचड्यापर्यंतचं तिकीट,
रात्रीच्या गाडीचं.
ऑडिटर यायचा, बोट ठेवायचा : ही बाई कोण?
असते एक, गोदूबाय म्हणायची,
आणि त्याच्यासमोर कोकमाचं सरबत ठेवायची.

मालमत्तेबद्दल विचारलंत.
तपेलं सध्या जागेवर नाही.
कोणी नेलं, नोंद नाही.
नेलंय म्हणजे कुठेतरी भात शिजतोय,
याहून जास्त मला शपथेवर सांगता येणार नाही.

राहिला तीन वर्षांचा हिशेब. सोबत जोडते आहे,
एकाच ओळीचा आहे.
मागच्या श्रावणात,
मागीलदारी कोणी उभी होती,
चपला हातात, पावसानं नव्हे पण भिजलेली.
एका बाईस चारशे रुपये.
पावती नाही.

रकाना चौथ्यात लिहिलं आहे :
हळदीकुंकू.
हसायचं तर हसा, साहेब.
शिक्का तेवढा नीट उमटू द्या.