टॉलरन्स

आठवडाभर मी उद्यमबागेत, लेथवर.
वीस मायक्रॉन इकडे की वीस मायक्रॉन तिकडे,
एवढ्यावर माझा पगार.
रविवारी दुपारी अनगोळच्या घरात, मागच्या दारी,
जिथं उजेड सरळ पडतो आणि वारं नसतं
(वाऱ्यानं पॉलिशवर साय धरते),
मी पाट मांडतो, त्यावर जुना टॉवेल,
त्यावर मालनचा डावा हात.
उजवा शेंगा सोलतोय.
"हलू नकोस की गं."
"मी कुठं हलालोय? श्वास घ्यालोय."

ब्रश केतकीच्या रंगपेटीतला, शून्य नंबर,
ब्लेडनं कापत कापत तीन केसांवर आणलेला.
ठिपक्यांना शाई संपलेलं बॉलपेन.
रेघ ओढायला शिवणाची सुई,
जी मालन दर बुधवारी शोधत असते.

सुरुवात केतकीची. सहावीत होती,
गॅदरिंगच्या आदल्या रात्री दहा बोटं पुढं केली:
"पप्पा, लेडीबग काढा."
मला कुठला माहीत लेडीबग!
"लाल असतो. वर काळं."
म्हटलं, म्हणजे गुंज.
दहा बोटांवर दहा गुंजा काढल्या.
रडली.
रडता रडताच झोपली,
पण हात पांघरुणाबाहेर ठेवून.

आता ती हुबळीत, नर्सिंगला.
वॉर्डात नखं कोरी लागतात.
जायच्या आदल्या दिवशी मी व्हर्नियर लावून
तिची नखं मोजून घेतली.
डायरीत आहे ते पान:
उजवा अंगठा तेरा पॉइंट चार,
करंगळी सात पॉइंट नऊ,
खाली गॅस सिलिंडर लावल्याची तारीख.
त्या मापाची चिकटवायची नखं रंगवतो,
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात कापसावर ठेवतो
आणि बसच्या कंडक्टरकडं देतो.
फोन येतो: "पप्पा, कुंदा कुठाय?"

आज निंगव्वाच्या इरकलीचा पदर काढायचा.
ती भिंतीवरून तो अलीकडं सोडते
वाळत घातल्यासारखा, आणि तिथंच उभी राहते.
लाल-पांढरे दात, एकात एक गुंतलेले.
लुगड्यावर ते बोटभर लांब,
मी त्यांना अनामिकेवर बसवतो.
श्वास धरून. मालनचा नाही, माझा.

एक दात जास्त झाला.
म्हटलं, इथं कोण गेज लावून बघतंय.
निंगव्वा बघते. तिचा सासरा मागावर बसायचा.
"ओंद हेच्च आगेतरी," एक जास्त झालाय.
मी रिमूव्हरची बाटली उचलतो.
"चंद ऐती, बिडरी."
छान आहे, असू दे.
सतरा वर्षांत कुठल्या इन्स्पेक्टरनं
मला हे म्हटलेलं नाही.

झाकणात उरलेला पांढरा रंग टाकवेना,
तर माझ्याच डाव्या करंगळीवर
एक तगर काढली. पाच पाकळ्या,
वाऱ्याला जरा कलत्या.
सकाळी पुसायची राहिली.

लेथवर हातमोजे घालत नाहीत.
दहाच्या चहाला शिवबसूनं बघितलं.
मी मूठ मिटली.
त्यानं बिस्किट बुडवलं, ते कपात पडलं,
बोटानं काढून खाल्लं.
मग बाकावर, माझ्या ग्लासाशेजारी,
आपला अंगठा आणून ठेवला,
गेल्या महिन्यात चकमध्ये चेंगरलेला.
"इदक्क एनर माडरी."
ह्याला काहीतरी करा.

मी तो उजेडाकडं वळवला.
काळा रंग एकसारखा बसलाय,
दोन हात मारून वाळवल्यागत.
मुळाशी नवं नख यायला लागलंय,
गुलाबी, कोरीएवढं.
चंद्रकळेला आणखी काय लागतं!

"रविवारी ये," म्हटलं,
"नुसत्या चांदण्या काढायच्या राहिल्यात."