बुधला

गेरच्या दारापासून दहा पावलांवर पांढरी दोरी.
दोरीच्या आत खान्दसुरेन, तिची सून, दोन पोरं
आणि दाराशी डाव्या अंगाला टांगलेला
गाईच्या कातड्याचा बुधला,
घोडीचं दूध रात्रंदिवस फसफसणारा.
दोरीबाहेर मी. डोळे सोडून सगळा झाकलेला.

गालसनने मार्मोट मारला होता. मूत्रपिंड कच्चंच खाल्लं,
पाठदुखीवर उतारा म्हणून.
तिसऱ्या रात्री काखेत गाठ.
मग जीप, धूळ, तालुक्याचा दवाखाना.

रोज सकाळी मी त्यांचा ताप विचारतो
आणि काठीच्या टोकाला पुडी बांधून गोळ्या सरकवतो.
"या प्लेगच्या जंतूंना मारतात?"
मारतात.
"आणि पोटातल्या आमच्या माणसांना?"
आमची माणसं म्हणताना तिचा हात बुधल्याकडे.
गोळीला चेहरे ओळखू येत नाहीत, मी म्हणालो.
ती म्हणाली, मग रोज एक वाटी जास्त पिऊ.

हे विरजण तिच्या सासूने चिंधीत वाळवून,
छातीशी बांधून डोंगरापलीकडून आणलं.
आमच्या बोलीत त्याला खोरोंगो म्हणतात;
धनालाही तोच शब्द.
आणि पिसवेच्या पोटातला तो दुसरा,
तोही याच गवतातला, याच उन्हातला,
कुणी छातीशी न बांधता आलेला.

रीत अशी, की दारातून येईल त्याने
आधी रवी धरायची, मग बोलायचं.
वाटसरू, लोकरीचा व्यापारी, शाळेचा मास्तर,
सगळ्यांचे तळवे त्या लाकडाला लागलेले.
सहा दिवस कुणी आलं नाही.
ती एकटीच घुसळते सगळ्यांच्या वाटचं, नावं घेत:
हे ओचिरचं. हे मास्तरांचं. हे गालसनचं, शंभर.
नातू विचारतो, शर्यतीला जायचं ना?
"यंदा शर्यतीवर विरजण पडलं," ती म्हणते,
आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसते.

सातव्या दिवशी ताप कुणालाच नाही.
पहाटे दवाखान्यातून फोन आला होता.
मीच घेतला.

दोरी गुंडाळली. हातमोजे काढले, मुखवटा काढला.
सात दिवसांत तिने माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं
आणि बाजूला सरून वाट दिली.
मी वाकून आत गेलो, रवी धरली.

वीस. साठ. शंभर.
दंड भरून आले, कपाळाचा घाम भुवईवर,
पोरं वाट्या घेऊन बसलेली.
मी थांबत नव्हतो
आणि तीही थांब म्हणत नव्हती.