वरचा पलंग, क्रमांक अकरा

रात्री साडेदहाला जयवंताचा फोन.
तिकडे नऊ. जेवण उरकून तो
पाण्याच्या टाकीमागे कठड्यावर बसतो, तिथेच म्हणे रेंज येते.
म्हणाला, ताई, मी इथे राहतो याचा
काही पुरावा तुझ्याकडे आहे का?

मी हसले. तो हसला नाही, म्हणून थांबले.

पासपोर्ट मार्चअखेर संपतोय.
दूतावासाच्या खिडकीतली बाई म्हणते, राहत्या जागेचा कागद आणा.
भाडेकरार? खोली कंपनीची.
विजेचं बिल तर त्याने कधी पाहिलेलंच नाही.
बँकेची पत्रं येतात पोस्टातल्या पेटीच्या नंबरावर,
आणि पेटीत काही माणूस राहत नाही, असं ती म्हणाली.
वाईट नाही बोलली. नुसतं म्हणाली.
सात वर्षं झाली मस्कतात.
तेवढ्यात इथली दुसरीतली पोरं नववीत गेली.

मी कपाट उपसलं.
प्रतीक्षानगरच्या या संक्रमण शिबिरात कपाट एकच,
त्याचं दार उघडायचं तर मोरीचं लावून घ्यावं लागतं.
पैसे पाठवल्याच्या पावत्या निघाल्या, आईच्या ऑपरेशनच्या वेळच्या.
त्यांवर त्याचं नाव आहे, ठिकाण नाही.
शेवटी लोणच्याच्या बरण्यांखालचा पुठ्ठा ओढला,
खजुराच्या खोक्याचा, तेल पिऊन काळा पडलेला.
पाठवणार: जयवंत काताळकर,
मिसफा, सिमेंटच्या वखारीमागे,
कुट्टीच्या चहाच्या टपरीवर विचारणे.
शाळेपासूनचा त्याचा तो लंगडा ळ.
फोटो काढून पाठवला.
म्हणाला, कुट्टी गेला गं केरळला. कायमचा.

त्यात गुरुवारी हवालदार घाडग्यांचा फोन, चौकशीसाठी.
मॅडम, पत्त्यावर खड्डा आहे.

अर्धी रजा टाकून नायगावला गेले.
निळे पत्रे, आत पाणी साचलेलं, एक पंप धडधडतोय.
खोली सत्तावीस, दुसरा मजला, ते वाचत होते.
मी बोटाने दाखवलं: तिथे.
दुसरा मजला हवेतच असतो हे ठाऊक होतं,
पण इतका उघडा कधी बघितला नव्हता.
घाडग्यांनीही मान वर केली, टोपी सावरत,
आणि जरा वेळ बघत राहिले, शपथेवर सांगते.

दोन साक्षीदार लागतात.
इस्त्रीवाला रामसजीवन आला, हात पुसत.
फुलवाली हौसाबाई गजरा तसाच हातात घेऊन आली:
जयवंता? ह्याच नळावर दात पाडून घेतला त्याने, समोरचा.
राहतो का इथे?
पंप धडधडत राहिला.
इथे आता राहतं कोण, हौसाबाई म्हणाली, पण आहे इथलाच.
घाडग्यांनी काहीतरी लिहिलं. काय, ते दाखवलं नाही.
गजऱ्याचे पैसे मात्र दिले, तिने नको म्हटलं तरी.

अकरा दिवसांनी जयवंताच्या कॅम्पच्या मॅनेजरने पत्र दिलं,
कंपनीच्या कागदावर, गोल शिक्का, हिरवी शाई.
जयवंत विठोबा काताळकर, ब्लॉक सी, खोली सहा,
पलंग अकरा, वरचा.
खिडकीतल्या बाईने ते घेतलं, मान हलवली, पुढचा नंबर पुकारला.
त्याने मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं.
दर वेळी वरचा म्हणताना आवाज चढायचा.
खालचा अल्ताफचा आहे, म्हणाला, त्याचा कागद वेगळा.

काल चिवडा पाठवायला सायनला कुरिअरवाल्याकडे गेले.
काउंटरवरच्या पोराने विचारलं, फ्लॅट नंबर?
पलंग, मी म्हटलं. अकरा.
मजला?
वरचा. लिही तू.
त्याने लिहिलं, मान खाली घालून,
मग बोट पुढच्या रकान्यावर ठेवलं:
आणि पाठवणाऱ्याचा?
मी पेन हातात घेतलं. नायगावचा ना काढला,
खोडला.
काकी, तो म्हणाला, मागे रांग आहे.