बत्तीसला नाही

शनिवार. अंबडला सुट्टी.
बाजूच्या शेडमधला पॉवर प्रेस गप्प.
आहेरबाबा गेटवर उन्हाला पाठ देऊन बसलेले,
आणि आत मी, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून,
कंपायलर बांधायला घेतलेला.

कंपायलरनंच कंपायलर बांधायचा,
रंध्यानं रंधा तासावा तसा.
तीन फेऱ्या. पहिला दुसऱ्याला घडवतो, दुसरा तिसऱ्याला,
आणि दुसरा-तिसरा हुबेहूब निघाले
तरच भरवसा.
माझं पहिल्याच फेरीत अडलं.
एक तास बावीस मिनिटं पंखा घोंघावला
आणि मग पडद्यावर एरर.

आधी मेमरीवर आळ घेतला.
पट्टी काढून खोडरबरानं घासली.
मग विजेवर. मग सोर्स पुन्हा उतरवला, तोच निघाला.
मग ज्यांनी हे लिहिलं त्या कुठल्याशा देशातल्या
अनोळखी माणसांना दोन शिव्या,
अस्सल सातपूरच्या.

पिंगळ्याला फोन केला. तो घोटीला, बहिणीच्या साखरपुड्यात.
मागे बॅन्जो. ओरडून म्हणाला,
"शेवटची ओळ नको वाचू.
पडायच्या आधी त्यानं काय विचारलं, ते वाच."

मग वर वर सरकत गेले. हजार ओळी, दीड हजार.
तिथे होता तो,
कंपायलरनं स्वतः लिहिलेला इवलासा प्रोग्रॅम,
काहीच न करणारा.
उठायचं, शून्य म्हणायचं, संपायचं.
शून्य म्हणजे आमच्यात सगळं ठीक.
बत्तीस बिटांत बांधला होता, नीट बांधला होता,
आणि कर्नलच्या दारात उभा केला होता: याला चालव.
कर्नल म्हणाला,
हे काय आहे? मी असलं ओळखत नाही.

(आई शेजारणीला सांगते,
आमची पोरगी कर्नलकडे कामाला आहे.
देवळालीची छावणी इतकी जवळ,
मी काही बोलत नाही.)

ओळखत कसा नाही?
आणि हात कीबोर्डवरच थांबला.
गेल्या दिवाळीत, निळ्या पडद्यावर,
एकेक चौकोन मीच रिकामा करत गेले होते.
फ्लॉपी, नाही.
जॉयस्टिक, नाही.
नाव न वाचता येणारी चाळीस नेटवर्क कार्डं, नाही.
बत्तीस बिटांचे प्रोग्रॅम चालवू द्यायचे?
आता कोण वापरतं.
नाही.
कर्नल चार सेकंदांत उठायला लागला,
आणि मी घड्याळ लावून सगळ्यांना दाखवत फिरले.
पिंगळे तेव्हा म्हणाला होता, सिन्नरचं काय?
मी ऐकलं नाही,
किंवा ऐकलं, आणि चार सेकंदच पुन्हा सांगितले.

सिन्नरला बाटल्यांची झाकणं पाडणारं एक मशीन आहे,
वीस वर्षांचं.
त्याला बत्तीसच कळतात.
त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप,
आणि त्याचीच भाषा
माझ्या घरात मी बंद केलेली.

दुरुस्ती म्हणाल तर एक ओळ.
'नाही'चं 'हो'.
त्या एका अक्षरासाठी कर्नल पुन्हा बांधायचा, पस्तीस मिनिटं.
बाहेर आले. आहेरबाबांनी डब्यातली भाकरी मोडून दिली,
वर ठेचा, डोळ्यांत पाणी आणणारा.
"झालं का मशीन नीट?"
"मशीन नीटच होतं, बाबा."
ते हसले नाहीत. म्हणाले, "बहुतेक वेळा असतंच."

रिबूट. पाच सेकंद आता.
त्या इवल्याशा प्रोग्रॅमला आधी हातानं चालवलं.
उठला. शून्य. गेला.
मी उगाचच पुन्हा तीनदा चालवला.

मग कॉन्फिगच्या फाइलीत, त्या ओळीच्या डोक्यावर,
पुढच्या दिवाळीतल्या माझ्यासाठी लिहून ठेवलं:
याला हात लावू नको. सिन्नर.

साडेपाचला, दुसऱ्या फेरीत, पुन्हा पडलं.
वेगळ्या ओळीवर.
मी खुर्ची पुढे ओढली
आणि खिडकीतून विचारलं,
बाबा, गेट किती वाजता लावता?