दूध कुठे गेलं?

ग्रिम्सबीत, मासळीच्या कारखान्यात, पहिल्याच आठवड्यात
कीथनं फ्रीज उघडला आणि नाक मुरडून म्हणाला,
मिल्क हॅज गॉन ऑफ.
सेलामाविटनं आधी दाराकडे पाहिलं.
बाटली तर समोरच होती.

गुरुवारी संध्याकाळी, लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर
मिसेस ऑलरेनशॉ फळ्यावर गजराचं घड्याळ काढतात.
गजर गो ऑफ होतो, म्हणजे वाजायला लागतो.
शेजारी दिवा. तोही गो ऑफ होतो,
म्हणजे विझतो.
"मग हे सुरू होणं की संपणं?" हंगेरीची इल्डिको विचारते,
आणि बाई मार्कर तसाच हातात धरून
खिडकीबाहेर बघतात,
जणू उत्तर तिकडे गोदीत नांगरून ठेवलंय.

मी मागच्या बाकावर, बिस्किटांचा डबा सांभाळत,
मनात म्हणते, आमच्याकडे तरी काय वेगळं आहे?
लाईट जाते, तोल जातो,
भिंतीला तडा जातो, म्हणजे खरं तर येतो,
आणि माणूस गेला म्हटलं
की कुणी विचारत नाही, कुठे.

सेलामाविटच्या वहीत तीन ओळी, समोर तिग्रिन्यात अर्थ:
गजर. दिवा. दूध.
पुस्तकात चौथं चित्र बॉम्बचं आहे,
गोल, काळा, वात पेटलेला, हसू यावं असा.
ते तिनं उतरवून घेतलं नाही.
तो अर्थ तिला आधीच पाठ होता,
त्याचं नाव इतकं छोटं असेल
एवढंच माहीत नव्हतं.

आठ वाजता लायब्ररीचे दिवे आपोआप जातात.
अंधारात सगळा वर्ग ओरडतो,
द लाइट्स हॅव गॉन ऑफ!
बाई टाळ्या वाजवतात. खुर्च्या सरकतात,
कुणाचा तरी हात माझ्या डब्यात.

"माय ब्रदर वेंट ऑफ," सेलामाविट म्हणते.

चूक सुधारायची चाळीस वर्षांची सवय
बाईंच्या ओठांपर्यंत येते, थबकते.
"बरोबर आहे. म्हणजे निघाला.
पण पुढे ठिकाण लागतं. वेंट ऑफ टू..."
"हो का," ती म्हणते,
आणि कोटाची बटणं लावत राहते.

जिन्यात मला म्हणाली,
त्या दिवशी मी ते दूध प्यायले होते, एक घोट.
कीथला वाटलं, हिला कळलंच नाही.
मला वाटलं,
गेलं होतं,
परत आलंय.